हवेतलं बोट

समोरचा माणूस हवेतून काहीतरी चिमटीत धरत होता.

धरलं, अलगद वर उचललं, बाजूला ठेवलं. मग पुन्हा धरलं. मी इकडेतिकडे पाहिलं. माशी कुठेच नव्हती. शिन-चू शहरात ऑक्टोबरमध्ये माशी टिकतच नाही, इथला वारा तिला थेट समुद्रावर नेऊन सोडतो. बाहेर दुकानांच्या पाट्या खडखडत होत्या आणि आत जेवणाच्या वेळेची तोबा गर्दी. म्हणून तर दुकानाच्या मावशींनी मला या वेड्याच्या टेबलावर आणून बसवलं होतं.

त्यानं अंगठा आणि तर्जनी जुळवून हात आणखी थोडा वर नेला, तशा मावशी चुलीजवळून ओरडल्या, "आलं रे आलं! केवढी घाई!"

आणि सूपचा वाफाळता वाडगा त्याच्यासमोर आदळला.

तो दचकलाच. "मावशी, मी मागवलं नव्हतं..."

"मग हात कशाला वर करतोस? मघाचाही असाच मागवलास की!"

त्याच्यासमोर आता तीन वाडगे होते. एक रिकामा, एक अर्धा आणि हा काठोकाठ भरलेला. त्याचा चेहरा असा काही झाला की माझ्या घशातली शेवई नाकात जायची वेळ आली.

"हसू नका," तो म्हणाला. "मदत करा. तिसरा मला जाणार नाही, आणि उरलेलं मावशींना चालत नाही."

"अनोळखी माणसाचं सूप मी पीत नाही."

"फान वेइ-रेन. झालो ओळखीचा?"

"इतकं सोपं असतं होय?"

"नसतं... पण सूप गार होतंय."

मी वाडगा माझ्याकडे ओढला. जड होता आणि कडेला गरम, त्यामुळे दोन्ही हात लावावे लागले. हात लावल्यावर माझ्या लक्षात आलं. बाहेर जेवताना मी डावा हात जाकिटाच्या खिशात ठेवते. आज विसरले.

डाव्या हाताच्या अनामिकेचं एकच पेर उरलंय माझं. बाकीचं मी एकोणीस वर्षांची असताना यंत्रकरवतीत गेलं. हे पहिल्यांदा दिसलं की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर लगेच छताकडे बघायला लागतात, नाहीतर आवाज मऊ करून विचारतात, दुखतं का हो?

यानं बोटाकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे पाहिलं आणि तिथेच थांबला.

"लाकडावर काम करता ना? पटाशीनं?"

"कशावरून?"

"अंगठ्याच्या कडेला घट्टा आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई यायच्या, त्यांचा तर्जनीवर होता. मी दिवसभर हातच बघतो. तेच काम आहे माझं."

मग त्यानं सांगितलं. डोळ्यांवर चढवायचा एक मोठा चष्मा असतो. तो घातला की माणूस दुसऱ्याच जगात जातो, आभासी जगात. तिथे हातात काही धरावं लागत नाही, बटण नाही, काही नाही. चष्म्याला लावलेले कॅमेरे आपले हात बघतात आणि आत तसेच हात काढतात. मघाशी तो हवेत उचलत होता ते एक भांडं होतं. सकाळपासून ते त्याच्या चिमटीतून निसटत होतं, आणि जेवतानाही त्याची बोटं तिथेच अडकलेली होती.

मी म्हटलं, मी सान-यी गावची. आम्ही कापराच्या लाकडात कोरीव काम करतो. इथल्या एका देवळात पक्ष्यांची चौकट बसवायला आले होते.

त्याच्या हातातल्या जेवणाच्या काड्या खाली गेल्या. "सान-यी? कोरीव काम? अहो, आम्ही तीन महिने कोरणारं माणूस शोधतोय! संग्रहालयासाठी कोरीवकामाचा वर्ग करायचाय, चष्म्यातला. शिकणाऱ्याला शिक्षकाचे हात समोर दिसायला हवेत. पण म्हातारे कारागीर चष्मा बघूनच पळतात..." तो जरा पुढे झुकला. "मला तुमचे हात हवे होते."

"सूप पाजून मुलीचा हात मागायची ही कुठली रीत?"

त्याचे कान आधी लाल झाले, मग गाल. "दोन्ही हात! म्हणजे... अभ्यासाला! म्हणजे—"

"मावशी," मी हाक मारली, "यांना पाणी द्या हो."

* * *

मी हो म्हटलं ते बाबांमुळे. सान-यीत सगळे त्यांना पेंग शीफू म्हणतात, म्हणजे पेंग गुरुजी. पक्ष्याचं पीस त्यांच्यासारखं कोरणारं दुसरं कोणी नव्हतं. उजेडासमोर धरलं तर पलीकडचा हात दिसावा इतकं पातळ. पण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरायला लागले, आणि ते पीस आता फक्त मला येतं. माझ्याकडे शिकायला कोणी नाही. मी उद्या आजारी पडले तर बाबांचं पीस संपलं.

मंगळवारी मी गाडीनं शिन-चूला गेले. त्यांच्या कंपनीतली ती खोली एखाद्या रिकाम्या वर्गासारखी होती. वेइ-रेननं माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवला. मागचा पट्टा आवळताना त्याची बोटं माझ्या केसांना लागली आणि तो पटकन म्हणाला, "माफ करा."

"कशाबद्दल?"

"काही नाही... दिसतंय का?"

दिसत होतं. मातीच्या रंगाचं एक टेबल, त्यावर काही ठोकळे, एक भांडं, बाजूला दहा-बारा पट्ट्यांचा छोटासा पियानो. मी हात पुढे केले. दोन राखाडी हात माझ्यासमोर आले, नखं नसलेले, गुळगुळीत.

डाव्या हाताला पाच बोटं होती.

मूठ मिटली. ते पाचवं बोटही मिटलं. मूठ उघडली. तेही उघडलं, बाकीच्या चौघांच्या रांगेत, जसं काही कधी कुठे गेलंच नव्हतं. मी पियानोच्या एका पट्टीवर ते टेकवलं. टिंग... आवाज आला.

"अरे," चष्म्याबाहेरून वेइ-रेनचा आवाज. तो त्याच्या पडद्यावर बघत असणार. "इथे एक चूक होतेय. यंत्रानं लाखो हात पाहिलेत, सगळे पाच बोटांचे. त्यामुळे जे दिसत नाही ते यंत्र मनानंच भरून..."

"कसली चूक?" मी घाईनं म्हणाले. "छान चाललंय की."

त्याची खुर्ची करकरली. "बरं. बघू नंतर."

त्या दिवशी मी तीन तास कोरलं. समोर खरं लाकूड, हातात खरी पटाशी, आणि भोवती आठ कॅमेरे. काम संपल्यावर म्हटलं, "मी जरा चष्मा घालून बसू का? सवय व्हायला हवी." तो म्हणाला, बसा. मी दहा मिनिटं पियानो वाजवला. एकाच बोटानं.

* * *

मग मंगळवार माझे झाले.

खरं सांगते, पहिले दोन-तीन मंगळवार मी त्या बोटासाठी गेले. चौथ्या मंगळवारी गाडीत खिडकीच्या काचेत बघून मी केस सारखे केले, आणि तेव्हा माझं मलाच हसू आलं. बोट काही केस बघत नाही.

वेइ-रेन कामात असला की अगदी वेगळा माणूस असायचा. "पटाशी पुन्हा धरा... मनगट थोडं खाली... तिथेच, तिथेच!" आणि काम थांबलं की त्याला हात कुठे ठेवावेत तेच कळायचं नाही. एके दिवशी त्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर सरकवलं.

"आईनं दिलंय. म्हणजे... मी मागून घेतलं."

उघडलं तर वाळवलेले पर्सिमॉन होते, ती टोमॅटोसारखी दिसणारी गोड फळं. चपटे, केशरी, वर पिठासारखी साखर आलेली. त्याचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. शरदात अख्खं गाव पर्सिमॉन सोलतं आणि बांबूच्या ताटांत वाऱ्यावर घालतं.

"रोज एकेक हातात घेऊन दाबावा लागतो," तो सांगत होता. "जोरात दाबलं तर फुटतो, हळू दाबलं तर आत तुरटपणा राहतो. आई दिवसाला हजारभर दाबते, गप्पा मारत मारत. लहानपणी मी तिला विचारायचो, किती दाबायचं? म्हणायची, हाताला कळतं. मग मी ठरवलं, हाताला काय कळतं ते आपण शोधून काढू."

"सापडलं?"

"अजून नाही. पण तुमच्या हातांमुळे बरंच..." तो अडखळला. "चांगलं चाललंय."

मी एक पर्सिमॉन तोडून अर्धा त्याला दिला. मधासारखा गोड. बोटं चिकट झाली, आणि दोघांनाही रुमाल सापडेना.

"हे 'तुम्ही तुम्ही' किती दिवस चालणार?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या आईनं वाळवलेलं फळ मी खातेय, माझ्या हातावरची प्रत्येक रेघ तुला पाठ आहे, आणि तू मला 'पेंग बाई, बसा' म्हणतोस. मी काय तुझी मुख्याध्यापिका आहे?"

तो खिडकीकडे बघत राहिला. बाहेर वाऱ्यानं झाडं एका बाजूला वाकली होती. मग अगदी हळू, जसं काही नवीन भांडं चिमटीत धरून बघावं तसं, तो म्हणाला, "शू-यून."

"हं?"

"काही नाही. नुसतं म्हणून बघितलं."

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "एवढं काय गुणगुणतेस?" मी म्हटलं, "गाडीत कोणीतरी गात होतं."

* * *

नोव्हेंबरच्या शेवटी वर्गाची पहिली चाचणी झाली. सहा जणांनी चष्मे घातले आणि माझ्या राखाडी हातांमागून कोरायला बसले. मी नव्हते तिथे. वेइ-रेननं फोनवर सांगितलं, बाकी सगळं जमतंय, पण पिसाच्या शेवटच्या कापाशी सगळ्यांची पटाशी घसरते. सहाच्या सहा जणांची. "कारण मला कळलंय बहुतेक," तो म्हणाला. "एक आठवडा दे. मंगळवारी गंमत दाखवतो."

मंगळवारी तो दारातच उभा होता. डोळे लाल, दाढी वाढलेली, पण चेहरा असा की जणू परीक्षेत पहिला आलाय. "बस, बस. घाल चष्मा."

मी घातला. हात पुढे केले.

चार बोटं. आणि अनामिकेच्या जागी एक पेर, वरून गोल झालेलं, अगदी माझं. व्रणासकट.

"एकेका चित्रावर मी स्वतः खुणा केल्या," तो उत्साहानं बोलत होता. "चार हजार चित्रं! यंत्राला तुझा हात शिकवला. आता ते काही मनाचं घालत नाही. बघ ना, मूठ मिटून बघ..."

मी मूठ मिटली नाही. पियानोकडे हात नेला आणि त्या पट्टीवर टेकवायला गेले. पेर पट्टीच्या वर हवेतच राहिलं. आवाज आला नाही.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

"तुला कोणी सांगितलं होतं हे करायला?"

"म्हणजे... पटाशी घसरत होती. आणि शिवाय मला वाटलं की—"

"काय वाटलं?"

"की यंत्र तुझा अपमान करतंय. जे नाही ते दाखवून. मला पहिल्या दिवसापासून लाज वाटत होती त्याची."

माझा आवाज चढला. इतका चढेल असं मलाही वाटलं नव्हतं. "अपमान? वेइ-रेन, आठ वर्षांनी मला माझं बोट दिसलं होतं. खोटं होतं, ठाऊक आहे मला. पण आठवड्यातून दहा मिनिटं ते माझं होतं. मी कोणाचं काय घेत होते?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "तू कधी बोलली नाहीस..."

"तू कधी विचारलंस? माझा हात आहे हा. आणि त्याचं काय करायचं ते तू ठरवलंस, एकट्यानं, आठवडाभर जागून. आणि वर म्हणतोस गंमत दाखवतो!"

मी जाकीट घेतलं आणि निघाले. स्टेशनपर्यंत वारा समोरून लागत होता, त्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

* * *

दोन मंगळवार मी गेले नाही. त्यानं फोन केले नाहीत. एकच निरोप पाठवला: "चूक माझी आहे. तू सांगशील तेव्हा बोलेन." मी तो दिवसातून वीसदा वाचला आणि उत्तर दिलं नाही. रागावलेलं राहणं किती कष्टाचं काम आहे हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या मंगळवारी दुपारी मी एका ससाण्याचं पीस कोरत होते. शेवटचा काप आला, आणि माझं लक्ष सहज डाव्या हाताकडे गेलं. माझं ते उरलेलं पेर पटाशीच्या मानेवर टेकलेलं होतं, घट्ट, बाजूनं. पटाशी त्याच्या आधारानं सरकत होती. मी थांबले. पेर उचलून धरलं आणि पुन्हा काप घेऊन बघितला. लाकूड दाताखाली आल्यासारखं करकरलं, कड फाटली.

पेर पुन्हा टेकवलं. काप रेशमासारखा निघाला.

सहा जणांची पटाशी का घसरली ते मला त्या क्षणी कळलं. त्यांच्यासमोर जो हात होता त्याला हे पेर नव्हतंच. तिथे एक लांब, सुंदर, बिनकामाचं बोट होतं.

राग मात्र लगेच गेला नाही. वेइ-रेनचं बरोबर होतं, पण त्यानं विचारलं नव्हतं ते नव्हतंच. आणि खरं म्हणजे एव्हाना मला पियानोची आठवणही येत नव्हती. "तिथेच, तिथेच!" असं कोणी ओरडत नव्हतं, त्याची आठवण येत होती.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी दारावर टकटक झाली. बाबांनी दार उघडलं. बाहेर वेइ-रेन, हातात खोका, केस वाऱ्यानं उभे राहिलेले.

"पेंग शीफू, नमस्कार. मी फान वेइ-रेन. मी शू-यूनची माफी मागायला आलोय."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि खोक्यात काय आहे, माफी?"

"नाही... चष्मा."

मी हातातली पटाशी खाली ठेवली नाही. तो आत आला आणि माझ्यापासून चार हातांवर थांबला.

"यात दोन्ही आहेत," तो म्हणाला. "पहिला हात आणि नंतरचा. कुठला ठेवायचा ते तू सांग. दोन्ही पुसून टाक म्हणालीस तरी पुसतो. हे मी आधी विचारायला हवं होतं. उशिरा विचारतोय."

"कसला पहिला आणि कसला नंतरचा?" बाबा म्हणाले. "मला दाखवा."

बाबा आणि मी कधी त्या बोटाबद्दल बोलत नाही. त्या दिवशी करवतीवर मला त्यांनीच बसवलं होतं, जेवणाआधी एवढी फळी कापून टाक म्हणून. करवत त्यांनी त्याच आठवड्यात काढून टाकली. आणि तेव्हापासून ते माझ्याशी बोलताना तोंडाकडे बघतात, उजव्या हाताकडे बघतात, डावीकडे कधी बघत नाहीत.

वेइ-रेननं माझ्याकडे पाहिलं. विचारत होता, या वेळी विचारत होता.

"नंतरचा लाव," मी म्हटलं.

बाबांनी थरथरत्या हातांनी चष्मा चढवला. पट्टा वेइ-रेननं बसवला आणि तो कोणी काही न सांगता अंगणात निघून गेला. बाबा स्टुलावर बसून राहिले. त्यांच्यासमोर आता माझे हात कोरत असणार, त्यांना हवे तितके मोठे, हवे तितके जवळ. ते वाकले. मान एका बाजूला केली. लाकडाखालून बघावं तसं खाली झुकून बघितलं.

बराच वेळ गेला.

"शेवटचा काप," बाबा म्हणाले, "तू त्या पेरानं पटाशी दाबून घेतेस."

"हो, बाबा."

"हे मी शिकवलं नव्हतं."

"नाही."

"मग कुठे शिकलीस?"

"आपोआप आलं. बोट गेल्यावर."

ते पुन्हा बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या कापापेक्षा पातळ निघतो." आणि जरा थांबून, "बराच पातळ."

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, ओले होते तसेच राहू दिले. मग हात पुढे करून माझा डावा हात घेतला, खरा हात, आणि उजेडाकडे वळवला. आठ वर्षांत पहिल्यांदा. अंगठा त्या पेरावरून हळूच फिरवून बघितला, एखादा नवीन ओंडका हातात घेतल्यावर बघतात ना, तसं.

"थंडीत दुखतं?"

"थोडं. जानेवारीत."

"सांगायचं नाही?" बाबा म्हणाले. "तेल आहे माझ्याकडे."

* * *

वेइ-रेन अंगणात कापराच्या ओंडक्यावर बसला होता. नुकत्याच फाडलेल्या लाकडाचा वास सगळीकडे पसरला होता आणि त्याच्या पँटीला भुसा लागला होता. मला बघून तो उठायला गेला.

"बस," मी म्हटलं, आणि शेजारच्या ओंडक्यावर बसले.

"शीफू ठीक आहेत?"

"तेल शोधतायत." मी पायानं भुसा सारला. "दोन्ही ठेव. वर्गासाठी खरा हात. तो बरोबर आहे, तू बरोबर होतास. आणि ते बोट... ते माझ्यासाठी ठेव. कधी वाटलं तर दहा मिनिटं."

"ठेवतो."

"आणि पुन्हा माझ्यासाठी काही गंमत करावीशी वाटली तर आधी विचारायचं."

"विचारेन."

"सगळंच विचारू नकोस हां. सारखं विचारत बसलास तरी मला राग येईल."

तो हसला. तीन आठवड्यांनी पाहिलं ते हसू. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त बरं वाटलं.

"खोका पार्सलनं पाठवता आला असता," मी ओंडक्याची साल सोलत म्हणाले. "फोनवरही विचारता आलं असतं. दीड तासाचा प्रवास कशाला?"

"आईला सांगितलं तुझ्याबद्दल."

"काय सांगितलंस?"

"की एक मुलगी आहे. ती माझ्यावर रागावलीय, आणि तिचं बरोबर आहे."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, मग तू इथे बसून काय करतोयस?" तो माझ्याकडे वळला. त्याचे कान लाल व्हायला लागले होते, पण आज तो थांबला नाही. "शू-यून, मला तू आवडतेस. कामामुळे नाही. म्हणजे, काम होतं म्हणून भेटलो, पण ते आता संपलं. वर्गासाठी लागणारं सगळं आमच्याकडे आलंय, आणखी काही टिपायचं नाही. तुला शिन-चूला बोलवायला माझ्याकडे एकही कारण उरलेलं नाही. रात्रंदिवस विचार केला, एकही सापडलं नाही. म्हणून... कारणाशिवाय विचारतोय. येशील का?"

वारा थांबला होता की मलाच ऐकू येत नव्हता, कोण जाणे. मी त्याच्या पँटीवरचा भुसा झटकायला हात पुढे केला आणि झटकून झाल्यावरही तो मागे घेतला नाही.

"कारणाशिवाय मी कुठेही जात नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला.

"पण तू असशील ना तिथे? मग झालं की कारण."

त्याला समजायला दोन क्षण लागले. मग तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात घरातून बाबांचा आवाज आला. तेलाची बाटली सापडलेली असावी, आणि आता ते स्वयंपाकघरात गेले होते. कढईचा आवाज येत होता.

"शू-यून! त्या मुलाला विचार, तिखट खातो का?"

"नाही खात, बाबा!" मी तिथूनच ओरडले.

आतला कढईचा आवाज बंद झाला.

"तुला गं कसं माहीत?"

वेइ-रेननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि एक मोठा श्वास घेतला.

"मला माहीत असणारच ना, बाबा!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या कारखान्यातली ठोकठोक थांबली. "तो माझा आहे!"

मग आतून कढई पुन्हा वाजली, आणि बाबा म्हणाले, "मग हात धुऊन या दोघं. जेवण गार होतंय."